फोटोतले केस कुणाचे?

मंडळी, गेल्या महिन्यात माझी नात सुट्टीला आली होती. ती पुण्याला फोटोग्राफी शिकते. (आमच्या वेळी बी. ए. ला मराठी घेतलं तरी शेजारीपाजारी विचारायचे, "पुढे काय करणार?" आता फोटो काढण्याचंही रीतसर शिक्षण मिळतं. असो.) तिला एक प्रकल्प करायचाय. घरातल्या बायकांच्या केसांचे फोटो. आईचे झाले, काकूचे झाले, मावशीचे झाले. मग ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "आजी, अंबाडा सोड आणि केस मोकळे टाकून खिडकीपाशी बस. प्रकाश छान आहे."

मी म्हटलं, "नाही."

"का गं?"

"तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नयेत."

सकाळचे अकरा वाजले होते. ती हसली, मीही हसले. पण मी अंबाडा काही सोडला नाही. खरं कारण मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. नंतर चार दिवस मी त्यावरच विचार करत होते. आज ते इथे लिहिते आहे.

मला पटवण्यासाठी तिने संगणकावर काही फोटो दाखवले होते. नायजेरियात जे. डी. ओखाई ओजेइकेरे नावाचे एक छायाचित्रकार होऊन गेले (१९३०–२०१४). त्यांचा देश १९६० साली स्वतंत्र झाला. १९६८ पासून पुढे कितीतरी वर्षं हा माणूस रस्त्यावर, कचेरीत, लग्नसमारंभात भेटलेल्या बायकांच्या केशरचनांचे कृष्णधवल फोटो काढत राहिला. असे जवळजवळ हजार फोटो आहेत. कुणाच्या डोक्यावर केसांचे पूल, कुणाच्या मनोरे. एका रचनेचं तर योरुबा भाषेतलं नावच 'उंच घर' अशा अर्थाचं आहे. गंमत म्हणजे बहुतेक बायका पाठमोऱ्या. चेहरा नाहीच.

"चेहरा दिसत नाही, मग बाई कोण हे कळायचं कसं?" मी विचारलं. पण बघता बघता माझंच मला उत्तर मिळालं. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. शुद्धलेखन घालताना मी नेहमी वर्गाच्या मागच्या बाजूने बाकांमधून फिरायची. मुलींची डोकी मला पाठीमागूनच जास्त पाठ झालेली. ही वेणी तेलाने चपचपीत आणि पेड अगदी समान, म्हणजे आई घरी आहे. ही एक वर आणि एक खाली, म्हणजे आई पहाटेच कामाला गेली आणि पोरीने स्वतःच घातली. ही लाल रिबीन धुऊन धुऊन गुलाबी झालेली. हिच्या कानामागे फणीचा ओरखडा, म्हणजे काल रात्री उवा काढल्या. घरचं प्रगतिपुस्तकच ते. चेहरा खोटं बोलू शकतो, वेणी नाही, असं तेव्हा मला वाटायचं.

पण फोटोतली वेणीही खोटं बोलते! नात गेल्यावर मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढून घेतली आणि जुने फोटो बघत बसले. त्यातले तीन तुम्हाला सांगते.

पहिला माझा स्वतःचा, १९७२ सालचा. लग्नासाठी 'दाखवायला' काढलेला. स्टुडिओतल्या पडद्यावर तळं आणि हंस रंगवलेले, मी एका उंच स्टुलापाशी उभी. फोटोग्राफर म्हणाला, "वेणी पुढे घ्या." वेणी खांद्यावरून पुढे घ्यायचीच असे, कारण मुलीचे केस लांब आहेत हे फोटोत दिसलं पाहिजे. मुलगी किती शिकली हे फोटोत दिसत नसे, केस दिसत. माझी वेणी पार कमरेच्या खाली आलेली आहे. झकास! पण त्यातली खालची हातभर माझी नव्हे. शाळेत असताना मला विषमज्वर झाला होता, तेव्हापासून केस विरळ. आईने गंगावन लावून दिलं. हल्लीच्या मुलींना गंगावन ठाऊक नसेल. केस लांब नि दाट दिसावेत म्हणून वेणीत गुंफायचा तयार केसांचा झुबका म्हणजे गंगावन. फोटो तीन ठिकाणी गेला, तिसऱ्या ठिकाणी जमलं. लग्नानंतर पहिल्यांदा न्हायले तेव्हा ते गंगावन खुंटीला लटकत होतं. आमचे हे बघून म्हणाले, "फोटोतली अर्धी मुलगी इथे खुंटीवर आहे वाटतं!" भला माणूस, पुन्हा कधी त्याचा विषय काढला नाही. पण त्या फोटोतले केस कुणाचे, असं विचाराल तर माझे कमी आणि आईच्या काळजीचे जास्त.

दुसरा फोटो १९५६ सालचा, माझ्या थोरल्या भावाच्या मुंजीचा. अख्खं घर अंगणात बसलंय. मधोमध पाटावर भाऊ, डोक्याचा गोटा झालेला, मागे घेरा नि शेंडी. त्याचं कोण कौतुक! न्हाव्याला त्या दिवशी मान असतो, त्याला नारळ नि उपरणं दिलेलं मला आठवतं.

या फोटोत आमची आत्याआजी नाही. आत्याआजी म्हणजे वडिलांची आत्या. चौदाव्या वर्षी विधवा झाली आणि माहेरी आली ती कायमची. मी तिला पाहिलं ते आलवणात, डोईवरून पदर कपाळापर्यंत ओढलेला. महिन्या-पंधरा दिवसांनी न्हावी मागल्या दारी यायचा. आम्हा मुलांना त्या वेळी पुढच्या अंगणात पिटाळत. तोच न्हावी, तोच वस्तरा. भावाचं डोकं पुढल्या अंगणात वाजंत्री लावून केलं आणि त्याचा फोटो काढला; आत्याआजीचं डोकं मागल्या दारी, गपचूप. मुंजीच्या सगळ्या स्वयंपाकाला ती पहाटेपासून राबली होती. फोटोच्या वेळी मात्र तिला कुणी बोलावलं नाही आणि तीही आली नाही. शुभकार्याचा फोटो ना! फोटोत घराचं दार किंचित उघडं दिसतं, त्या फटीत एक गडद पट्टा आहे. ती असेल. नसेलही.

आत्याआजी १९६३ साली गेली. भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो मिळाला नाही. आज तिचा चेहरा ज्याला आठवतो असं माणूस मी एकटीच उरले आहे. माझ्याबरोबर तोही जाईल.

केशवपनाबद्दल शाळेत आम्ही दोन ओळींत शिकलो आणि मीही दोन ओळींतच शिकवलं. 'एक अनिष्ट प्रथा' म्हणून खाली रेघ मारायची, पाच गुणांचा प्रश्न. विधवेने केस बांधले तर तिचा नवरा परलोकात बांधला जातो, असा आधार त्या काळी सांगत. म्हणजे केस तिचे, पण हिशेब नवऱ्याचा, तोही मेल्यावरचा. आगरकरांनी याविरुद्ध लिहिलं. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षांत कोण घेतो!' मध्ये यमूच्या बाबतीत हे घडताना दाखवलं. १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही असं त्यांनी ठरवलं. नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. ज्यांच्या हातात वस्तरा, त्यांनीच 'नाही' म्हटलं! आणि तरी त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांनी आमच्या मागल्या दारी न्हावी येतच होता. ठराव मुंबईत होतो, मागलं दार आपापल्या घरी असतं.

याच संदर्भात मला पंडिता रमाबाईंचे फोटो आठवतात. तुम्हीही पाहिले असतील. पांढरं वस्त्र, करारी नजर आणि आखूड कापलेले केस. त्या १८८२ साली विधवा झाल्या, १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. त्या काळच्या बाईचा फोटो म्हटला की एक तर अंबाडा-खोपा आणि नाकात नथ, नाही तर फोटोच नाही. रमाबाईंचे केस दोन्हींत बसत नाहीत. डोक्यावर पदर ओढून त्या लपलेल्या नाहीत आणि लांब वेणी पुढे घेऊन कुणाला दाखवायला बसलेल्याही नाहीत. त्यांची सगळी मतं मला पटतात असं नाही. पण तो फोटो पाहताना या बाईला कुणी 'वेणी पुढे घ्या' म्हणू शकलं नसतं, एवढं मात्र खात्रीने वाटतं.

इथवर लिहिलं ते सोपं होतं. आजोबा-पणजोबांच्या काळातल्या चुका सांगायला काय लागतं? आता तिसरा फोटो. तो सांगायला मला जरा जड जातंय.

तो १९८४ सालचा, इयत्ता दहावी अ. निरोप समारंभाच्या दिवशीचा. मी वर्गशिक्षिका. तालुक्याचं गाव, कायम पाणीटंचाईचं. शाळेचा नियम असा की मुलींनी दोन वेण्या घालून, वर दुमडून, रिबिनी बांधून यायचं. केसांच्या बाबतीत मी फार कडक होते. रिबीन विसरली की मुलीला प्रार्थनेच्या वेळी वेगळं उभं करायची.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. तिच्या वेण्या दुमडल्या तरी खांद्याखाली यायच्या, इतके लांब केस. मी इतर मुलींना म्हणायची, "बघा, केस असे ठेवावेत." फोटोच्या दिवशी ही पोर आली ती मानेपर्यंत केस कापून! तेही घरच्या कात्रीने, वेडेवाकडे. सगळा वर्ग खुसखुसायला लागला. माझा संताप झाला. मी म्हटलं, "आजच बरं सुचलं तुला! फोटोची शोभा घालवलीस." ती काहीच बोलली नाही. मी तिला पहिल्या रांगेतून उठवलं आणि मागच्या रांगेत दोन उंच मुलींच्या मागे उभं केलं. फोटोग्राफरने काळ्या फडक्याखालून डोकं काढून विचारलंसुद्धा, "बाई, ती मागची मुलगी दिसत नाहीये, पुढे घेऊ का?" मी म्हटलं, "राहू दे, चालेल."

फोटोत तिचं अर्धं कपाळ दिसतं. बस.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका लग्नात ती भेटली. वाकून नमस्कार केला, आपल्या मुलीची ओळख करून दिली. मला वाटलं ती विसरली असेल. बोलता बोलता मीच दहावीच्या फोटोचा विषय काढला, बहुधा मनात टोचत असावं. ती म्हणाली, "तो फोटो माझ्याकडे नाहीये बाई. मी घेतलाच नव्हता." मग मी इतक्या वर्षांनी तिला विचारलं, "अगं, पण तेव्हा केस का कापले होतेस?"

ती म्हणाली, "पाणी, बाई."

आई आजारी. घरात पाच माणसं. टँकर यायचा तिसऱ्या दिवशी. तिच्या केसांना न्हायला दोन बादल्या लागायच्या, आणि पाणी भरायचं तिनेच. परीक्षा तोंडावर आलेली. एका रात्री तिने हिशेब केला आणि कात्री घेतली. पंधरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या डोक्याने घेतलेला तो केवढा शहाणा निर्णय होता! आणि तिच्या वर्गशिक्षिकेने त्यासाठी तिला दोन मुलींच्या मागे दडवलं. मी तिला तेव्हा 'का?' एवढंसुद्धा विचारलं नाही. एकाक्षरी प्रश्न! मुलांना प्रश्न विचारणं हाच माझा धंदा, पण तेवढा एक राहून गेला.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही फारच मनाला लावून घेताय. शाळेत शिस्त नको का? मीही हे स्वतःला सांगून पाहिलं. दोन वेण्यांच्या नियमाची कारणं खोटी नव्हती. उवा पसरत नाहीत, केस डोळ्यांवर येत नाहीत, आणि सगळ्यांच्या वेण्या सारख्या असल्या की श्रीमंताची कोण नि गरिबाची कोण ते चटकन दिसत नाही. (खरं म्हणजे मला दिसायचंच, रिबिनीवरून. पण हेतू चांगला होता.) आणि रिबीन म्हणजे वस्तरा नव्हे, हेही मला कळतं. आत्याआजीचं दुःख आणि दहावीतल्या मुलीची फोटोतली जागा एका तराजूत घालायला मी काही खुळी नाही.

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. दोन्हीकडे सुरुवात एकाच वाक्याने होते, "आमच्यात असंच असतं." ते म्हणणाऱ्याला आपण काही वाईट करतोय असं मुळीच वाटत नाही. माझे पणजोबा दुष्ट नव्हते, लेकीच्या काळजीनेच त्यांनी ते केलं असणार. मीही दुष्ट नव्हते. आणि दोन्हीकडे शेवट सारखाच, जी नियमात बसत नाही ती फोटोतून बाहेर. नियम ठेवा, पण नियम मोडणाऱ्या माणसाला आधी 'का?' विचारा, आणि फोटोत मात्र त्याला पुढेच उभं करा, एवढंच माझं म्हणणं आहे. नियम वर्षा-दोन वर्षांत बदलतो. फोटो पन्नास वर्षं राहतो.

काळ बदलला म्हणतात. बदललाच आहे. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायला लावायची नाहीत. पुढे सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. मला तो ठराव वाचून आनंद झाला आणि वाईटही वाटलं. आनंद कशाचा ते उघडच आहे. वाईट याचं, की १८९० च्या त्या सभेनंतर एकशे बत्तीस वर्षांनीही बाईच्या अंगावर काय असावं नि काय नसावं यासाठी गावाला ठराव करावा लागतो.

आणि आपण शहरातले तरी काय करतो? हल्लीच्या मुलाने केस वाढवून मागे बांधले की आपण म्हणतो, "मुलगा आहेस की मुलगी?" नातीने एक बट निळी केली तर, "फोटोत कसं दिसेल ते?" केस पिकलेल्या बाईला, "अगं, जरा रंगव, लग्नाचा फोटो आहे." मी स्वतः निवृत्त होईपर्यंत केस काळे करत होते. शाळेच्या निरोपाच्या फोटोत माझे केस गंगावनाइतकेच खोटे आहेत! आता फोनमध्येच म्हणे केस दाट आणि काळे करून मिळतात, डाय नको नि आई नको. ज्याला हवं त्याने करावं. पण लोक काय म्हणतील म्हणून करत असलो, तर ते केस आपले नव्हेत, लोकांचे आहेत.

तर मंडळी, नातीला मी 'नाही' का म्हटलं? माझे केस आता इतके विरळ झालेत की मोकळे सोडले तर टाळू दिसते. आणि मोकळ्या केसांनी मला आजवर पाहिलं ते फक्त माझ्या आईने आणि आमच्या ह्यांनी. दोघंही आता नाहीत. ती माझी खासगी गोष्ट आहे, ती तशीच राहावी असं मला वाटतं. हे सगळं मी तिला जायच्या आदल्या रात्री सांगितलं. मला वाटलं ती हट्ट करेल. तिने क्षणभर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. तुझे केस आहेत, तू सांग कसा काढू."

वीस वर्षांच्या पोरीला जे सहज सुचलं, ते मला पस्तिसाव्या वर्षी वर्गशिक्षिका असताना सुचलं नव्हतं.

मी तिला सांगितलं, अंबाडा आहे तसाच राहू दे, पाठमोरी बसते, तुझ्या त्या नायजेरियातल्या बायकांसारखी. रंग नाही, गंगावन नाही, सुपारीएवढा पांढरा अंबाडा आणि त्यात दोन आकडे. फोटो छान आलाय. माझ्या आयुष्यातला हा पहिलाच फोटो, ज्यातले केस सर्वस्वी माझे आहेत.

१९८४ चा तो फोटो मी परवा मोठा करून घेतला. मागच्या बाजूला सगळ्या मुलींची नावं रांगेप्रमाणे लिहिली. त्या अर्ध्या कपाळाचं नाव सगळ्यांत आधी लिहिलं. एक प्रत तिला पाठवावी असं मनात आहे, पण अजून धीर होत नाही. तिने तो फोटो तेव्हा मुद्दाम घेतला नव्हता. आता मी तो तिच्या दारात नेऊन टाकणं म्हणजे पुन्हा तिला न विचारता ठरवणंच झालं. आधी फोन करून विचारेन म्हणते.

तुम्हीही कधी सवड काढून घरातले जुने फोटो खाली काढा. कोण दिसतं ते बघाच, पण कोण दाराआड राहिलं आणि कोण मागे दडलं तेही बघा. मागच्या बाजूला नावं लिहून ठेवा, आठवतंय तोवर. आणि जे शिक्षक अजून नोकरीत आहेत त्यांना एवढंच सांगणं, यंदाच्या वर्गफोटोच्या दिवशी कुणी वेडेवाकडे केस कापून आलं, तर रागावायच्या आधी एकदा 'का?' म्हणून विचारा. कदाचित उत्तर एकाच शब्दाचं असेल.

असो. बरंच लिहिलं. आता उठते, दुपारचं पाणी यायची वेळ झाली.